सिगारेट सोडायच्या वर्गाला मुलं येतील कशी? अनुभव आणि उपाय सुचवा

सत्तरीचा_मास्तर

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात शिकवतो. अकरावी-बारावीची काही मुलं सिगारेट ओढतात, हे आमच्या स्टाफरूममध्ये आता सगळ्यांना ठाऊक आहे. ओळखीच्या एक समुपदेशक बाई शनिवारी शाळा सुटल्यावर येऊन सहा आठवड्यांचा वर्ग घ्यायला तयार झाल्यात, तेही फुकट. मुख्याध्यापकांचा होकार आहे, खोली मिळालीय. आता मुलं कशी आणायची, हे विचारायला इथे आलोय.

पोस्टर स्पर्धा, व्याख्यान, शपथ हे आमच्याकडे दरवर्षी होतं आणि व्हायलाच हवं. पण त्यात सगळा भर 'सुरू करू नका' यावर असतो. ज्याने सुरू केलंय तो मागच्या बाकावर बसून शपथ म्हणतो आणि शाळा सुटली की पान-सिगारेटच्या गाड्यावर जातो. त्याच्याशी कोणी बोलतच नाही.

वर्गाची कल्पना मी चार-पाच मुलांना आडून विचारून पाहिली. 'मला सोडायची नाही' असं एकजणही म्हणाला नाही. पहिलं वाक्य सगळ्यांचं एकच होतं: "सर, घरा सांगूं नाकात." त्यानंतरचं: "मी काय रोज ओढत नाही." घरी सांगायचा विषय मी काढलाही नव्हता.

त्यामुळे माझं असं मत झालंय की मुलांना सोडायची इच्छा नसते म्हणून ती येत नाहीत, हे खरं नाही. खोलीत शिरताना कोणी पाहील, वहीत नाव लिहिलं जाईल, ते ऑफिसात जाईल आणि तिथून घरी फोन लागेल, याला ती भितात. आणि ही भीती वेडगळ नाही, कारण शाळेत एरवी असंच होतं. सिगारेटसकट पकडलं की पालकांना बोलावणं, चार दिवस वर्गाबाहेर. मग तीच शाळा 'या, मदत करतो' म्हणते तेव्हा मुलाने विश्वास का ठेवावा?

शिक्षक, डॉक्टर, पालक सगळ्यांनी लिहा. ज्यांनी लहान वयात ओढून सोडली, त्यांनी तर जरूर लिहा.

डिचोलीचो_पात्राव

मास्तर, तुमची तळमळ पोचली. पण दोन गोष्टी पटल्या नाहीत.

पहिली, आधी गाडे बघा. २००३ च्या कोटपा या तंबाखू नियंत्रण कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालच्याला तंबाखूचा पदार्थ विकता येत नाही आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत, म्हणजे साधारण ९१ मीटरांत, विक्रीच करता येत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ मध्ये तर मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. आपल्या गोव्याने धूम्रपान आणि थुंकण्यावर बंदीचा कायदा १९९७ मध्येच केला, देशाच्या आधी. कायदे आहेत, ते वापरा की.

दुसरी, आईबापांपासून लपवून मुलाला वर्गात बसवणं. माझा मुलगा सिगारेट ओढत असेल तर ते मला कळायलाच हवं. शाळा ते माझ्यापासून लपवणार असेल तर मी शाळेवर विश्वास कसा ठेवू? थोडा धाक हवाच. आम्ही धाकातच वाढलो.

फोंड्याची_दंतवैद्य

मास्तर, धागा काढलात हे फार चांगलं केलंत. माझ्या खुर्चीत ही मुलं येतात, बहुतेक वेळा आईबरोबर, दात किडला म्हणून. डाग दिसतात, वास येतो. आईला एक्स-रेचे पैसे भरायला काउंटरवर पाठवते आणि तेवढ्या दोन मिनिटांत हलक्या आवाजात विचारते, "ओढतोस का रे?" आई समोर असताना 'हो' कधीच येत नाही. ती बाहेर गेली की बहुतेकजण मान हलवतात. तुमचं म्हणणं खरं आहे याचा याहून चांगला पुरावा माझ्याकडे नाही.

'रोज ओढत नाही' यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण वर्गाला न येण्याचं हे तितकंच मोठं कारण आहे. मुलाला वाटतं, व्यसन म्हणजे दिवसाला एक पाकीट. आपण आठवड्यातून तीन-चार, म्हणजे हे आपल्यासाठी नव्हेच. प्रत्यक्षात अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलांचा जो अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला, त्यात महिन्यातून कधीतरी ओढणाऱ्या काही मुलांतही सुरुवातीच्या काही आठवड्यांतच सवय जडल्याची लक्षणं दिसली होती. त्याच संशोधकांनी मुलांसाठी दहा प्रश्नांची हो-नाही अशी यादी केली. सोडायचा प्रयत्न केला पण जमलं नाही, असं कधी झालंय का? शाळेसारख्या ठिकाणी ओढता येत नाही तेव्हा स्वतःला आवरणं जड जातं का? ओढायला मिळाली नाही की चिडचिड होते का? अशा धर्तीचे ते प्रश्न आहेत. दहापैकी एकाचं उत्तर जरी 'हो' आलं तरी ताबा थोडा सुटलाय असं धरतात. हा कागद मुलांच्या हातात द्या, नाव लिहायला सांगू नका, परत मागूही नका. घरी नेऊन ज्याचा त्याने भरावा. कोणीही व्याख्यान न देता त्याला कळेल की हा वर्ग आपल्यासाठी आहे.

आता पात्रावांचा मुद्दा. गुप्तता म्हणजे पाठीशी घालणं नव्हे. पहिल्याच भेटीत मुलाला स्वच्छ सांगायचं: इथलं बोलणं इथेच राहील, पण तुझ्या जिवाला धोका आहे असं दिसलं, किंवा सिगारेटच्या पुढचं काही दिसलं, तर तुला सांगून, तुझ्यासमोर, मोठ्यांना बोलावू. मुलांना हे पटतं. त्यांना चीड येते ती मागून सांगण्याची. आणि माझा अनुभव असा की दोन-तीन भेटी झाल्या की मूल स्वतःच म्हणतं, "आता आईला सांगूया का?" बापाला कळावं ही तुमची इच्छा रास्तच आहे. ते मुलाच्या तोंडून कळलं तर पुढचं सगळं सोपं जातं.

आणखी एक. सिगारेटच्या पाकिटावर सप्टेंबर २०१८ पासून १८००-११-२३५६ हा नंबर छापलेला असतो. व्यसन सोडू इच्छिणाऱ्यांसाठी केंद्र सरकारची ही मोफत हेल्पलाइन २०१६ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधून सुरू झाली, पुढे मुंबईचं टाटा मेमोरियल, बेंगळुरूचं निम्हान्स आणि गुवाहाटीचं केंद्र तिला जोडलं गेलं. पण आपली मुलं पाकीट विकत घेतात कुठे? गाड्यावर सुटी एक घेतात, दोरीला टांगलेल्या लायटरवर पेटवतात आणि बरोबर एक पुदिन्याची गोळी. पाकीट गाडेवाल्याच्या डब्यात. म्हणजे नंबर छापला सगळ्यांसाठी, आणि ज्याला सर्वांत जास्त गरज त्याच्या नजरेलाच तो पडत नाही. मुलांच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतल्या बाजूने हा नंबर चिकटवा. तिथे वाचताना त्याला कोणी पाहत नाही.

न्यूजर्सीची_गोंयकार

मूळ माशेलची, इथे शाळेत नर्स आहे. थोडक्यात सांगते. इथे किशोरांसाठी 'नॉट ऑन टोबॅको' नावाचा दहा सत्रांचा कार्यक्रम बरीच वर्षं चालतो. त्याचा पाया असा की येणारं मूल स्वखुशीने यायला हवं. लहान गट, बरोबरीच्या वयाची मुलं. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१७ मध्ये अशा सगळ्या अभ्यासांचा आढावा घेतला तेव्हा किशोरांसाठी गटात बसून केलेल्या समुपदेशनातच त्यातल्या त्यात आशा दिसली. औषधांचा पुरावा या वयात तोकडाच निघाला.

दुसरा मार्ग मोबाइलवरचे मेसेज. व्हेप म्हणजे ई-सिगारेट सोडू पाहणाऱ्या १३ ते १७ वयाच्या मुलांवर झालेला एक अभ्यास २०२४ मध्ये आला. सात महिन्यांनी मेसेज मिळणाऱ्या गटात सुमारे ३८ टक्के मुलं व्हेपपासून दूर होती, दुसऱ्या गटात २८ टक्के. फरक छोटा वाटेल, पण त्यासाठी मुलाला कुठेही जावं लागलं नाही, कोणाला तोंड दाखवावं लागलं नाही. शनिवारच्या वर्गाला जोडून बाईंनी मधल्या दिवसांत एखादा मेसेज पाठवला तर बघा. मात्र मेसेजमध्ये 'सिगारेट' हा शब्द नको. फोन घरातले बघतात.

पेडण्याचो_१९

सर, मी १९ वर्षांचा आहे. शाळेत असताना ओढायचो, आता नाही. म्हणून लिहितोय.

आमच्या शाळेतही एक असा कार्यक्रम झाला होता. मी गेलो तो एका दादामुळे. तो कॉलेजात होता, आमच्याबरोबर फुटबॉल खेळायचा, आणि तो आधी ओढायचा हे आम्हां सगळ्यांना माहीत होतं. मॅच संपल्यावर तो एवढंच म्हणाला, "शनिवारी मी जातोय, तू येतोस तर चल. सोडायचीच असं काही नाही, बसून ऐक." शिक्षकांनी सांगितलं असतं तर मी गेलो नसतो, सर, राग मानू नका. शिक्षक चांगले होते. पण शिक्षकांनी बोलावलं म्हणजे त्यांना माहीत आहे, आणि त्यांना माहीत आहे म्हणजे सगळ्यांना माहीत आहे, असंच वाटतं.

'सोडायचीच असं काही नाही' हे फार महत्त्वाचं. मला तेव्हा सोडायची होती का, मलाच ठाऊक नव्हतं. पहिल्याच दिवशी 'आजपासून शपथ घ्या' म्हटलं असतं तर मी घेतली असती, संध्याकाळी मोडली असती आणि पुढच्या शनिवारी तोंड दाखवायला गेलोच नसतो. शपथ मोडली की माणूस लपतो. तिथल्या सरांनी सांगितलं होतं, "मध्ये ओढलीस तरी ये. ओढलीस तर तर नक्की ये, कुठे आणि कोणाबरोबर ते बघू." त्यामुळे मी टिकलो.

आणि त्यांच्याकडे फुंकायचं एक मशीन होतं. श्वास रोखून धरायचा आणि हळूहळू फुंकायचं, मग फुप्फुसातल्या कार्बन मोनॉक्साइडचा आकडा येतो. शाळेला यायच्या आधी एक ओढून गेलो होतो, माझा आकडा मित्रापेक्षा बराच जास्त आला. पुढच्या खेपेला आदल्या दिवसापासून न ओढता गेलो तर एकदम खाली. कॅन्सरचे फोटो बघून मला कधी काही वाटलं नव्हतं, ते चाळिशीतल्या माणसांचं वाटायचं. पण हा आकडा माझा होता, आजचा होता, आणि एका दिवसात मीच तो उतरवला होता.

पहिले तीन दिवस वाईट जातात. झोप लागत नाही, आईवर उगाच खेकसायचो. नंतर कमी होत जातं. तलफ आली की काही मिनिटं काढायची, तेवढ्यात ती उतरते. मी खिशात बडीशेप ठेवायचो. बसस्टँडच्या गाड्यावरून जायचं बंद केलं, मागच्या वाटेने जायचो. चतुर्थी मात्र कठीण गेली. सगळे चुलतभाऊ घरी, रात्री आरत्या-भजनं, मग मागच्या अंगणात 'चल एक मारूया'. तिथे 'नको' म्हणायला जीभ रेटत नाही. म्हणून वर्ग चतुर्थीच्या आधी संपवू नका, सर. चतुर्थी त्या सहा आठवड्यांच्या मधोमध येऊ द्या.

माशेलची_आई

वाचून धीर आला म्हणून लिहिते. मुलगा सोळाचा. गेल्या आठवड्यात त्याच्या दप्तरात लायटर सापडला. परत तिथेच ठेवला. ह्यांना सांगितलेलं नाही, सांगितलं तर मारतील. पोराशी कसं बोलू? आणि त्या निकोटिनच्या गोळ्या मेडिकलमध्ये मिळतात, त्या देऊन चालेल का?

फोंड्याची_दंतवैद्य

ताई, गोळ्या आणि च्युइंगम परस्पर अजिबात देऊ नका. दोन मिलिग्रॅमचं गम मोठ्या माणसाला चिठ्ठीशिवाय मिळतं, पण १८ च्या आतल्या मुलासाठी ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचं असतं. या वयात आधी बोलणं, औषध मागाहून, लागलंच तर.

बोलायचं कसं ते सांगते. लायटरवरून उलटतपासणी घेऊ नका, कारण मग तो 'मित्राचा आहे' म्हणेल आणि दार बंद होईल. तो शांत असेल, तुम्ही दोघंच असाल, शक्यतो स्कूटरवर किंवा भाजी निवडताना, डोळ्यांत डोळे घालायची वेळ येणार नाही असं बघा. "मला वाटतं तू कधीकधी सिगारेट ओढतोस. मी ओरडणार नाही. तुला त्यातून काय मिळतं, ते मला समजून घ्यायचंय," एवढंच म्हणा आणि गप्प बसा. ही गप्प बसण्याची वेळ फार लांब वाटते, तरी बसा. तो काही बोलला तर लगेच उपाय सांगू नका. मग विचारा, "समजा सोडायची ठरवली, तर जमेल असं किती वाटतं, शून्य ते दहात?" तो चार म्हणाला तर 'एवढंच?' म्हणू नका. विचारा, "चार कसे? एक का नाही?" मग सोडण्याच्या बाजूने तो स्वतःच बोलायला लागतो, आणि स्वतःच्या तोंडून आलेलं कारण त्याला जास्त पटतं.

ह्यांना कधी सांगायचं ते मुलाबरोबर ठरवा. हेल्पलाइनला तुम्हीही फोन करू शकता, आईने करायला काही हरकत नाही. आणि मन फार खचलं असेल, त्याचं किंवा तुमचं, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, तोही मोफत. पर्वरीची संगाथ ही संस्था १९९६ पासून गोव्यात मुलांच्या आणि तरुणांच्या मानसिक आरोग्यावर काम करतेय. तिथे प्रशिक्षण घेतलेले, आपल्यातलेच वाटतील असे समुपदेशक असतात. बांबोळीच्या मनोविकार संस्थेत उत्तम मदत मिळते, पण तिचं नाव काढलं की मुलं बिचकतात आणि सत्तरीतून सकाळच्या ओपीडीला जायचं म्हणजे शाळा बुडते, बस बदलावी लागते, घरी कारण सांगावं लागतं. म्हणूनच मास्तरांचा शाळेतला शनिवार मला मोलाचा वाटतो.

मडगावचो_कोच

वर त्या पेडण्याच्या मुलाने लिहिलंय ते शंभर टक्के खरं. मुलाला फुप्फुसाचं सांगू नका, दुसऱ्या हाफचं सांगा. साठाव्या मिनिटाला कोण धावतो आणि कोण कमरेवर हात ठेवून उभा राहतो, ते सगळ्या टीमला दिसतं. कोचना वर्गात घ्या, पण एका अटीवर: ओढतो म्हणून कोणाला टीममधून काढायचं नाही. काढलात की तो मैदानही सोडेल आणि सिगारेट तेवढी उरेल.

डिचोलीचो_पात्राव

डॉक्टर, 'मुलाच्या तोंडून कळू दे' हे मला पटलं. मागून सांगणं आणि समोर बोलावणं यातला फरक मी धरला नव्हता. धाकाबद्दल माझं मत अजून तसंच आहे, फक्त तो विकणाऱ्याला दाखवायचा. २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणाच्या भारतातल्या फेरीत १३ ते १५ वयाची देशभरातली ८.५ टक्के शाळकरी मुलं तंबाखू वापरताना आढळली. गोव्याचा आकडा बराच खाली आहे, आणि म्हणूनच आपल्याकडे पंचायतीपासून शाळेपर्यंत सगळे 'आमच्याकडे तो प्रश्नच नाही' म्हणून मोकळे होतात. आमच्या वॉर्डातल्या शाळेसमोर तंबाखूविक्री-बंदीची हद्द दाखवणारी पिवळी रेघ अजून मारलेली नाही. पुढच्या ग्रामसभेत विषय घेतो, मिनिट्समध्ये लिहूनच घेतो.

सत्तरीचा_मास्तर

मंडळी, मनापासून आभार. काय ठरलं ते लिहितो.

निमंत्रण मी देणार नाही. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी दोघं सिगारेट सोडलेले आहेत, ते मैदानावर मुलांशी बोलतील. वर्ग सगळ्यांसाठी खुला, न ओढणाऱ्या पण मित्राला सोडवू पाहणाऱ्यांसाठीही, म्हणजे खोलीत कोण शिरलं यावरून काही ठरणार नाही. हजेरी नाही. शिक्षक आत बसणार नाहीत, मीही नाही. मुख्याध्यापकांकडून लिहून घेतलंय की या वर्गात जे कळेल त्यावरून कोणाला शिक्षा होणार नाही. दहा प्रश्नांचा कागद बारावीपर्यंत सगळ्यांना वाटायचा, नंबर स्वच्छतागृहांत. बाईंना तारखा बदलायला सांगितल्या, चतुर्थी आता मध्ये येते. फुंकायच्या मशीनसाठी आरोग्य केंद्राला विचारलंय.

फलकावर लावायचा मजकूर असा: "शनिवारी शाळा सुटल्यावर, वाचनालयामागची खोली. सिगारेट सोडायची असेल, सोडावी का असा विचार चालू असेल, किंवा मित्राला मदत करायची असेल, तर या. नाव विचारणार नाही. घरी फोन जाणार नाही. सोडायचं वचन मागणार नाही. जिवाला धोका दिसला तरच, आणि तुला सांगूनच, मोठ्यांना बोलावू. मित्राला घेऊन आलास तर उत्तम." काही बदल हवा असेल तर आज रात्रीपर्यंत सांगा, उद्या छापायला देतो.

पेडण्याचो_१९

सर, व्हेपपण लिहा. २०१९ पासून बंदी आहे तरी मुलांकडे असतं, आणि व्हेपवाल्याला वाटेल की हे फक्त सिगारेटवाल्यांचं. तंबाखू मळणारेही असतात, ते पण घाला. आणि पहिल्या शनिवारी मी यायला तयार आहे, पणजीहून वाळपईची बस किती वाजता आहे तेवढं कळवा.

सत्तरीचा_मास्तर

दोन्ही घातलं रे बाबा. 'सिगारेट, बिडी, व्हेप, तंबाखू, काहीही' असं केलंय. बसचं कदंबाच्या स्टँडवर विचारून तुला इथेच निरोप देतो. वाळपईला उतरलास की मी स्टँडवर असेन.

माशेलची_आई

डॉक्टर, काल संध्याकाळी स्कूटरवर बोलले. तो म्हणाला तीन. 'एक का नाही' विचारलं तर बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, धावताना दम लागतो. पुढे काय विचारू?

फोंड्याची_दंतवैद्य

काहीही नवीन विचारू नका, ताई. दोन-तीन दिवस जाऊ द्या. मग "तिनाचे चार व्हायला तुला काय लागेल?" एवढंच. तो जे सांगेल ते इथे लिहा, त्यावरून पुढचं ठरवूया.